चित्राची चतुःसीमा

पिवळ्या रंगाचा शेवटचा हात देऊन शुभांगीने ते चित्र वाळायला म्हणून पडवीत उभं केलं, ही तिची पहिली चूक. त्याच्याकडे पाठ करून ती चहा टाकायला गेली, ही दुसरी. परत येऊन बघते तर तिचे चुलत सासरे हैबतराव चित्रासमोर उकिडवे बसलेले आणि त्यांच्या काठीचं टोक थेट पिवळ्या पट्ट्यावर.

"आबा, रंग ओला हाय!"

"आसू दे. ह्यो रस्ता किती फुटी धरलाय? बारा का वीस?"

"रस्ता न्हाई त्यो."

"मंग काय हाय?"

"पिवळा पट्टा हाय."

आबांनी तिच्याकडे खोटारड्या एजंटाकडे बघावं तसं बघितलं.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. कासारसाईत रंगीत चौकोन यायचे ते एकाच कामासाठी. एजंट गाडीतून उतरणार, बॉनेटवर नकाशा पसरणार, पिवळे रस्ते, हिरवी बाग, मधे आखलेले प्लॉट. आणि वर्षभरात तिथे तारेचं कुंपण. आबांनी असे नकाशे पन्नास तरी पाहिले होते. चित्र एकही नाही.

शुभांगी मूळची कोळवणची. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा झाल्या, पुढे चित्रकलेची बाई व्हायचं होतं, पण एकोणिसाव्या वर्षी लग्न लागलं आणि ती या घरात आली. नवऱ्याने, शैलेशने, वरती खोल्या बांधून कंपनीतल्या पोरापोरींना भाड्याने दिल्या. तेव्हा रंगारी भिंतीवर कागदी पट्टी चिकटवायचे, रंग मारायचे आणि पट्टी ओढून काढायचे. मागे उरायची सुरीसारखी धारदार कड. ती कड बघून शुभांगी खुळावलीच. उरलेल्या पट्ट्या, डब्यांच्या बुडाचा रंग, प्लायचे तुकडे, सगळं तिने जमवलं.

गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर हिंजवडी दिसायची. काचेचे मनोरे, क्रेनचे आडवे हात, अर्ध्या पेटलेल्या खिडक्या. तिने इमारत कधी काढली नाही. दोन इमारतींमधली फट काढली. गाड्यांची रांग काढली नाही; रांग अडली की अंगात जे ताठतं, त्याचा लाल पट्टा काढला. अकरा वर्षं, गच्चीवरच. घरात त्याला 'शुभीचं चिकटपट्टीचं काम' म्हणत.

वरच्या खोलीतली जान्हवी, लातूरची, तिने याच चित्राचा फोटो बाणेरच्या एका गॅलरीला पाठवला आणि त्यांनी ते प्रदर्शनासाठी निवडलं. आज संध्याकाळी सहाच्या आत चित्र तिथे पोचायला हवं, नाहीतर नाव कटणार. टेम्पो चारला येणार होता. साडेतीन वाजले होते आणि आबांनी दारात बैठक मारली होती.

"माज्या वावराला वाट दाव. मंगच हे भाईर जाईल."

"आबा, ह्यात तुमचं वावरच न्हाई!"

"वावरच न्हाई?" आबा ताडकन उठले. "आगं, मागली जिमीन सामाईक हाय. वाटप झालं न्हाई अजून. आन तू मला नकाशातनंच काढलंस?"

शैलेश दाराला टेकून दात कोरत होता. "अगं, मार की एक पट्टा. डब्यात रंग हाय. आबाबी खूश, तूबी मोकळी."

"पट्टा तुमच्या मोटरसायकलीला मारा! एक पट्टा वाढला तर चित्र मेलं माझं."

"मरतंय कशानं? प्लायवूड हाय ते."

तिने रंगाचा हात कपाळाला लावला. कपाळ पिवळं झालं.

आबांचा आवाज जरा खाली आला. "सूनबाई, गेल्या साली बंगलेवाल्यानं भित घातली. आता मी धरणाला वळसा मारून वावरात जातुया. कागदावर वाट नव्हती, म्हनं. कागुद झाला तवा मला कुनी इचारलं न्हवतं."

शुभांगीने कोनाड्यातला मार्कर उचलला. मग म्हणाली, "लिहून देते. चालंल?"

"चालंल की."

तिने चित्र कडा धरून पाठमोरं केलं आणि मागच्या कोऱ्या प्लायवर मार्करने लिहिलं: 'मी, शुभांगी, लिहून देते की या चित्रातला कोणताही चौकोन वा पट्टा कोणत्याही गट नंबरातला नाही. यात कुणाचा हिस्सा नाही, कुणाची वाट अडवलेली नाही.'

आवाज ऐकून खाली आलेल्या जान्हवीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी मान हलवली. "चतुःसीमा कुटं हाय? चतुःसीमा न्हाई त्यो कागुद फोल."

"चित्राला पूर्व नसते, आबा! ते कसंबी लावता येतं. आडवं, उभं, उलटं!"

"उलटं? मंग माजा गोठा वर जाईल का खाली?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. शुभांगीने दात आवळून लिहिलं: पूर्वेस प्लायची कड, पश्चिमेस प्लायची कड, दक्षिणेस आणि उत्तरेस तीच. "झालं? करा सही."

"सही हितं न्हाई. तितं इकलं-बिकलं तर? मी येतुया." आणि आबा टोपी सारखी करत टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी, जाऊन बसलेसुद्धा.

शुभांगी मागे हौद्यात चढली. चार फुटी चित्र दोन्ही हातांनी धरून, केसांत धूळ, तोंडात धूळ. टेम्पो गावाबाहेर पडतोय तोच केबिनच्या मागच्या जाळीतून आबांचा आवाज आला, "ड्रायव्हर, देवळापाशी थांबीव. आमचा बहिरू आसंल पारावर. त्याचंबी नाव हाय सातबाऱ्यावर."

शुभांगीने केबिनच्या पत्र्यावर मूठ आपटली. "गाडी थांबली ना, तर आबा, मी चित्रासकट खाली उडी मारीन! मग करा सह्या रस्त्यावर बसून!"

ड्रायव्हरने आरशात तिचं पिवळं कपाळ पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला. पारावरचा बहिरू हात वर करून उठला, तोवर देऊळ मागे पडलं होतं.