पडद्यावरचं पाणी

कोपरा फाडलेलं कार्ड धुळ्याहून आलं, तेव्हा मी पेटी पुसत बसलो होतो. नाना गेले होते. कार्ड वाचून मी भाता उगाच एकदा ओढला आणि सोडून दिला... वाजवावंसं काही सुचेना.

आजच्या बोलपटवाल्यांना खरं वाटायचं नाही, पण चित्रं मुकी होती तेव्हा आमच्या फिरत्या तंबूत त्यांना आवाज नाना देत. पडद्याशेजारी उभं राहून कोण कोणाला काय म्हणतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. खाली बसून पेटी वाजवायची, हे माझं. पुरुष पडद्यापुढे बसत, बायका पडद्यामागे. मागच्या बाजूलाही चित्र नीट उमटावं म्हणून पडदा ओला ठेवावा लागे. नाना पितळी लोट्याने त्यावर पाणी मारत. त्यांच्या पायाशी एकसारखे दिसणारे दोन लोटे असत. एकात पडद्याचं पाणी. दुसऱ्यात काय असे, ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

गंमत अशी, की आमचं सगळ्यांत चालणारं चित्र दारू सोडण्याचं होतं. बाप पितो, मुलगी रडते, शेवटी बाप बाटली फोडून शपथ घेतो. ती शपथ नाना अशी घेत, की जामनेरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत. आणि तोंडाला मोहाच्या दारूचा वास! मला तेव्हा हसू येई. आज त्या हसण्याची लाज वाटते. मित्र होतो मी त्यांचा, हात धरायला हवा होता.

जळगावच्या खेळाला नानांची बायको, अक्का, पडद्यामागे बसली होती. आता दारूला शिवणार नाही, असा शब्द नानांनी त्याच सकाळी तिला दिला होता. बाटली फोडायचा प्रसंग जवळ आला, पडदा सुकत चाललेला. नानांनी अंधारात लोटा उचलला आणि सपकन मारला. नेमका दुसरा! पडद्यावर बाटली फुटली आणि मागे वास दरवळला.

"अय माय, बाटलीना वास बी येस!" एक बाई हरखून ओरडली. सगळा तंबू हसला. अक्का तेवढी उठली. ती कडेने बाहेर जाताना नानांना दिसली, आणि शपथ त्यांच्या तोंडातच राहिली. दुसऱ्या दिवशी ती धरणगावला भावाकडे निघून गेली.

पडद्यावरचा बाप दहा मिनिटांत सुधारायचा. नानांना दीड वर्ष लागलं. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. त्या काळात शपथेची जागा आली की ते गप्प उभे राहत, नुसती पेटी वाजे.

"नाना, बोला की," मी एकदा चिडून म्हणालो.

"जे माले जमत नही, ते लोकेसले कसं सांगू, भाऊ?"

मग धुळ्याच्या मुक्कामी एका संध्याकाळी अक्का कोणाला न सांगता मागे येऊन बसली. नानांना पत्ता नव्हता. शपथेची जागा आली आणि त्या दिवशी नाना बोलले, हळू, नेहमीचा थाट न करता. खेळ संपल्यावर अक्का त्यांच्याबरोबर बिऱ्हाडी गेली. ती शपथेवर भाळली, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तेराव्याला धुळ्याला गेलो तेव्हा तिला तसं म्हणालोही.

"शपथ?" अक्का म्हणाली. "शपथ तर घरमा बी रोज आयकू मी. पडदाजोडे जाईसन दुसरा लोटाना वास लिधा, भाऊ. नुसतं पाणी व्हतं."

मग ती मला पाणी आणायला उठली. तोच दुसरा लोटा, घासून घासून पातळ झालेला. नाना रोज संध्याकाळी पाणी पिण्याआधी तो तिच्या नाकाशी धरत म्हणे, ती नको म्हणाली तरी. माझ्या हातात देण्याआधी तिने तो सवयीने नाकाशी नेला, जरा वेळ तसाच धरून ठेवला... आणि मग पुढे केला.