रानाचं एक

मामा संध्याकाळी डोंगरावरून उतरले, की मामी त्यांच्या पायांवर पाणी ओतता ओतता विचारते, "किती दिसली?" बंदूक जमा करून त्यांना जमाना झाला. हातात आता नुसती काठी असते. तरी प्रश्न तोच राहिलाय.

शिकारीच्या दिवसांत मामांना एका फेरीत सात-आठ भेकरं दिसायची. भेकर म्हणजे आमच्याकडचं लहानसं हरीण. मारायचे एखादंच, कधी तेही नाही. पण घरी सांगताना, गावच्या रिवाजाप्रमाणे, दिसली त्यापेक्षा एक कमी सांगायचं. न सांगितलेलं ते एक रानाचं. त्याच्यामागे कुणी जायचं नाही. एवढ्याशा खोटेपणावर रान टिकेल, असं या माणसांना मनापासून वाटायचं. सगळंच मोजू नये, थोडं झाकून ठेवावं, हे शहाणपण मलाही आवडत आलंय. पण आपण झाकलेलं ते एक पलीकडच्या गावात कुणीतरी मारत असेल, हे कुणाच्या मनात आलंच नसेल का?

काल मामा म्हणाले, "एकही नाही."

मला उगाच बरं वाटलं. रिवाज धरला, तर एक तरी दिसलं असणार. मी तसं त्यांना म्हणालो.

मामांनी पाय पुसले. "एक कमी सांगायला आधी एक दिसावं लागतं, बाबा."

मामीने रिकामा तांब्या पालथा घातला. आज संध्याकाळीही ती विचारणारच आहे.