धाकल्या पावन्यांना म्हनावं

आमच्या साडूइतका हुशार माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही, आणि आपल्या हुशारीला इतकं राबवून तिच्याकडून इतकं कमी पीक काढणारा माणूसही सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी लोणावळ्यात शाळेत भूगोल शिकवतो, तो कान्ह्याला राहतो आणि आम्हा दोघांची सासुरवाडी बेडशाची. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीत त्याला झकास नोकरी होती. एसी होता, फिरती खुर्ची होती, कॅन्टीनमध्ये इडली फुकट होती. एके दिवशी हे सगळं सोडून हा पठ्ठ्या घरी येऊन बसला आणि म्हणाला, "मी गेम बनवणार." बरं, बनव. आजकाल त्याची तयार साधनं मिळतात म्हणे, कॉलेजातली पोरं सुट्टीत गेम करून मोकळी होतात. पण तयार पिठाची चकली म्हणजे आमच्या साडूला महापाप. भाजणी आपली आपण भाजायची, आणि जमलं तर चुलीची मातीही आपणच मळायची, हा त्याचा बाणा.

एवढा बाणेदार माणूस, पण एक आधार मात्र त्यानं घेतला होता. चित्रं काढून देणारी एक लायब्ररी. मी आपला भाबडेपणानं त्याच्या खोलीत पुस्तकांचं कपाट शोधत होतो. तेव्हा त्यानं मला समोर बसवून, ढ मुलाला समजावतात तसं समजावलं. "दादा, प्रत्येक यंत्राची चित्र काढायची बोली वेगळी. या फोनची एक, त्या फोनची दुसरी, कंप्युटरची तिसरी. त्यांचं एकमेकांशी पटत नाही. ही लायब्ररी मधे बसते. आपण तिला एकदाच सांगायचं, बाई गं, इथे डोंगर काढ. ती ज्याला त्याला त्याच्या बोलीत सांगते. म्हणून तिला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात." मला ते समजलं, आणि समजल्याचा आनंदही झाला. पण या 'क्रॉस-प्लॅटफॉर्म' शब्दानं आमच्या सासुरवाडीत जे महाभारत घडवलं, ते पुढं सांगतो.

तर, गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते आणि पहिला त्रिकोण पडद्यावर आणणं हेच म्हणे सगळ्यांत अवघड. साडूचा अख्खा पावसाळा त्यात गेला. मग एक दिवस त्याचा फोन आला, "दादा, आला!" मी विचारलं, "कोण आला?" म्हणाला, "त्रिकोण!" आम्ही नवराबायको लोकल धरून कान्ह्याला गेलो. मेहुणीनं शिरा केला होता, दारात रांगोळी होती. आत काळ्या पडद्यावर मधोमध एक नारिंगी त्रिकोण. आमची ही म्हणाली, "छान आहे हो, रंग छान आहे." ती कोणाच्याही घरी नवे पडदे बघून हेच म्हणते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "आता पुढं चौकोन?" साडू माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "दादा, चौकोन म्हणजे दोन त्रिकोण. जगात चौकोन असा नाहीच." त्या दिवसापासून त्याची नजरच बिघडली. मी लोणावळ्याहून नेलेली चिक्की तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोडून खातो. एकदा जेवता जेवता बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला काढायचं तर सगळ्यांत जास्त त्रिकोण पोटाला जातील. गोलाईला फार लागतात." एरवी पोटावर कोणी बोललं तर मला राग येतो, पण त्याच्या आवाजात निव्वळ काळजी होती.

त्याचा दुसरा छंद म्हणजे लोकांचे फोन मागणं. गेम सगळ्या फोनांवर चालला पाहिजे, आणि सगळे फोन काही आपल्याकडे नसतात. म्हणून दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी तो "फोन कुठला?" असं विचारतो. कामशेतचा दूधवाला, मेहुणीच्या भिशीतल्या बायका, रिक्षावाले, कोणी सुटलं नाही. तळेगावला एका लग्नात तर त्यानं चक्क नवरदेवाचा फोन मागितला. नवरदेव बिचारा त्या दिवशी कोणालाच नाही म्हणत नव्हता. फोन परत त्याच्या खिशात गेला, पण गेम काही बंद झालेला नव्हता. मंगलाष्टकं सुरू झाली, भटजींनी "शुभमंगल" म्हटलं आणि नवरदेवाच्या खिशातून गेममधली शेळी ओरडली, "बेंऽऽ!" भटजी थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा "बेंऽऽ!" नवरीकडच्या एक मावशी अक्षता हातात धरूनच म्हणाल्या, "आगं बाई, ह्यो तर आतापास्नंच वरडाया लागला!" मांडवात हशा उसळला, नवरदेव लालबुंद, आणि आमचा साडू मागच्या रांगेतून माझा दंड दाबून सांगतोय, "दादा, त्या फोनवर आवाज चालतोय!"

पावसाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांचा महापूर. धुकं बघायचं म्हणून सगळे पॉइंटवर जातात आणि पांढऱ्याफटक पडद्यापुढं उभं राहून फोटो काढतात. एकदा साडूलाही नेलं. सगळे "अहाहा" करत होते, हा मात्र हिशेबी नजरेनं दरीकडं बघत होता. म्हणाला, "धुकं फार सोयीचं असतं, दादा. लांबचं काही काढावंच लागत नाही. देवानंही इथं हात आखडता घेतलाय बघा. मागं काही नाहीच, धुकं टाकून मोकळा झालाय!" तेव्हापासून मला त्या दरीचा भरवसा वाटत नाही.

उन्हाच्या बाबतीत मात्र तो देवाचा भक्त. बेडशाची लेणी पूर्वेकडं तोंड करून आहेत, सकाळचं ऊन थेट खांबांवर येतं. ते ऊन गेममध्ये हुबेहूब यावं म्हणून हा घरातली स्टीलची ताटली घेऊन पहाटेच लेण्यात जाऊन बसायचा आणि ताटली इकडं तिकडं फिरवत उजेड कुठं कसा पडतो ते बघायचा. तिथल्या रखवालदाराला आधी वाटलं, काही करणी-बिरणी चाललीय. त्यानं विचारलं, "काय करताय?" साडू म्हणाला, "ऊन बघतोय." रखवालदार म्हणाला, "बघा, पर सांडू नका."

आता बेडशाचीच लेणी का, तर त्याचं कारण आमचे सासरे. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. साडूचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी त्याला लहानपणची एक गोष्ट सांगितली होती. आबा त्या डोंगरावर शेळ्या राखायचे. एकदा चांदी नावाची शेळी हरवली. डोंगरभर हिंडून आबा रडकुंडीला आले, आणि बघतात तर ही बया लेण्याच्या ओसरीत उन्हाला बसून रवंथ करतेय. साडूचा सगळा गेम एवढाच. ऊन डोक्यावर यायच्या आत चांदीला शोधायचं. हे त्यानं आबांसाठी चालवलं होतं. आणि आबा तर त्याच्याशी बोलत नव्हते.

त्याचं झालं असं. नोकरी सोडल्यावर साडूनं सरळपणे आबांना फोन करून सांगितलं, "आबा, मी आता क्रॉस-प्लॅटफॉर्म काम करतो. घरूनच." आबांना ऐकायला कमी येतं. त्यांनी त्यातला 'प्लॅटफॉर्म' तेवढा धरला. जावई कान्ह्याचा, कान्ह्याला स्टेशन, स्टेशनला प्लॅटफॉर्म. झालं! आबांनी गावात पेढे वाटले, "धाकलं पावनं रेल्वेत लागलं, घराजवळच ड्युटी हाये." मग एक दिवस इंद्रायणी तांदळाचं गाठोडं खांद्यावर टाकून, नवा फेटा बांधून आबा कान्हे स्टेशनात हजर. तिकीट खिडकीत विचारलं, "आमचं जावई कुटं बसत्यात?" खिडकीतल्या माणसानं अदबीनं सांगितलं, इथं कोणाचे जावई बसत नाहीत. आबा म्हणाले, "आवो, क्रॉस प्लॅटफारमला हायेत." त्या भल्या माणसानं पूल दाखवून सांगितलं, "क्रॉस करायचं तर तिकडून जा." आबा पूल चढून पलीकडं गेले, पुन्हा अलीकडं आले. तेवढ्यात बेडशाचीच चार माणसं लोकलमधून उतरली, आणि सगळा उलगडा त्यांच्यादेखत झाला. आबा तांदळासकट घरी परत आले. त्या दिवसापासून धाकट्या जावयाशी अबोला.

अबोला म्हणजे साधा नव्हे. आबा जुन्या वळणाचे, जावयाचा मान ठेवणारे. वाईट शब्द एक नाही. फक्त त्याच्याशी बोलायचं ते माझ्यामार्फत. दोघं एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले असायचे आणि आबा माझ्याकडं तोंड करून म्हणायचे, "थोरलं पावनं, धाकल्या पावन्यांना म्हनावं, च्या घ्या." मी म्हणायचो, "चहा घे." तो म्हणायचा, "दादा, आबांना म्हणावं, घेतला." मी म्हणायचो, "आबा, घेतला म्हणतोय." माझा चहा तोवर निवून जायचा. एकदा वैतागून मी साडूला म्हटलं, "हे काय लावलंय रे?" तो हसून म्हणाला, "दादा, तुम्ही आपल्या घरातली लायब्ररी." हसला खरा, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. मला फार वाईट वाटलं. सगळ्या तालुक्याच्या फोनांवर त्याचा गेम चालला होता, फक्त आबांचा फोन त्याच्या हाती लागलेला नव्हता.

मग धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, त्याला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि मागेल ते नाही म्हणायचं नाही. सासूबाईंनी दोन्ही विष्णूंना बोलावलं. जेवण दणक्यात झालं. "थोरलं पावनं, धाकल्या पावन्यांना म्हनावं, तूप घ्या," हे चालूच होतं. शेवटी आबा म्हणाले, "त्यास्नी म्हनावं, काय पायजे ते मागा." साडूनं बोटं चाटणं थांबवलं. "दादा, आबांना म्हणावं, तुमचा फोन थोडा वेळ द्या."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं, आणि कोपरीच्या खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. मी तो पुढं सरकवला. साडूनं हात धुऊन त्यावर गेम चढवला. फोन त्याच वाटेनं परत गेला. आबांनी चष्मा चढवला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी डोकावलो. डोंगर उलटा! आभाळ खाली, बेडसं वर, आणि शेळ्या वटवाघळांसारख्या लटकलेल्या. साडूचा चेहरा खर्रकन उतरला. काही यंत्रं म्हणे चित्र वरून मोजतात, काही खालून. लायब्ररी सगळं करते, पण वर कुठलं आणि खाली कुठलं एवढं आपलं आपण बघावं लागतं. आबांनी फोन उलटा केला. शहाणा फोन, चित्रही फिरलं आणि डोंगर पुन्हा उलटाच. आबांनी तो आडवा धरला, उभा धरला, स्वतः मान वाकडी केली. आणि मग भान विसरून थेट साडूकडं वळून कडाडले, "आवो, हे काय केलंत तुमी? शेळ्या आभाळात, मग मी कुटं उबा ऱ्हाऊ?"

सासूबाईंच्या हातातलं पळीभर तूप माझ्या पानाऐवजी मांडीवर पडलं. साडू चाचरत म्हणाला, "आबा... एक वजा चिन्ह राहिलंय."

"मग घाला की! बसलाय काय?"

साडूनं लॅपटॉप उघडला. आबा शेजारी सरकून बसले. "घातलं का? न्हाई? आता?" असं त्यांचं चालू होतं. थोड्या वेळानं डोंगर सरळ झाला आणि आबांच्या अंगठ्याखाली एक फेटेवाला गडी डोंगर चढू लागला. लगेच भांडण. "हितं करवंदीची जाळी व्हती." साडू म्हणाला, "आता नाही, आबा, मी बघून आलो." "आता नसंल, पर व्हती. घाला." गुडघे गेल्यापासून आबा लेण्यापर्यंत चढलेले नाहीत. खालून पायऱ्यांकडं बघतात आणि मान फिरवतात. त्या दिवशी ते अंगठ्यानं चढले, वाटेत दम खात, थांबत. वर पोचले. ओसरीत सकाळचं ऊन आलं होतं, खांबांवर, दगडी बाकावर. गडी बाकापाशी थांबला आणि आबांनी अंगठा उचलला.

साडू हळूच म्हणाला, "आबा, चांदी आत आहे. शोधायची ना?"

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "यील ती आपली आपन. बसू वाईच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. मांडी भाजली होती हेही एक कारण होतंच.

आता त्या दोघांचं रोज बोलणं असतं. करवंदीची जाळी झाली, मग जांभूळ, मग कुणा म्हातारीची झोपडी. आबा फोनवरून ओरडून सांगतात आणि साडू बापडा एकेक त्रिकोण रचत बसतो. गेम कधी पुरा होईल, देव जाणे. मला आता कोणी "म्हनावं" म्हणत नाही. चहा गरम प्यायला मिळतो, पण खरं सांगू का, त्याला पूर्वीची चव नाही. मागच्या रविवारी बेडशाला गेलो तर दोघं अंगणात एका फोनवर डोकी घालून बसलेले, मी येऊन उभा राहिलो तरी पत्ता नाही. "आबा, याला काही सांगायचंय का?" मी आपलं विचारलं. मान वर न करता आबा म्हणाले, "तुमी कशाला मधी? मी सांगतो की."

मी पायरीवर टेकलो. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "थोरलं पावनं, त्या दोगास्नी म्हनावं, पानं वाढलीत."

मी केवढ्या घाईनं उठलो!