मागचं डावं दार

“डेंट कुठंय? तेवढा डेंट दाखवा मला.”

विमा कंपनीचा सर्व्हेअर आमच्या अंगणात माझ्या गाडीभोवती तिसरी फेरी मारत ओरडत होता. आवाज असा, की सेनगावच्या मोंढ्यात चाललेला सोयाबीनचा लिलाव थांबला असावा. मीच त्याला हिंगोलीहून इथं पुसेगावात ओढून आणलेलं, आणि मीच तोंड वासून गाडीकडं बघत उभा. काल सकाळी मी घर सोडलं तेव्हा गाडीचं मागचं डावं दार चेपून परातीएवढं खोल झालं होतं. त्यात दहा माणसांचं पीठ मळता आलं असतं. आता ते सपाट होतं. सपाट, चकचकीत आणि सायीच्या रंगाचं. बाकीची गाडी पांढरीशुभ्र.

हे दार चेपलं कसं, ते आधी सांगतो.

आमचा शेजारी हळद शिजवायचा कुकर भाड्यानं फिरवतो. कुकर म्हणजे चाकांवर बसवलेल्या लोखंडी टाक्या, खाली भट्टी, ओढायला पुढं ट्रॅक्टर. त्याचं आणि माझं बोलणं बांधाच्या भांडणापासून बंद आहे, आणि ते भांडण इतकं जुनं की मूळ बांध आता कुणालाच सापडत नाही. त्या दिवशी माझी चार महिन्यांची नवीकोरी गाडी दारात उभी होती, मी आत चहा पीत होतो, आणि ह्यानं कुकर मागं घेताना टाकीचा कोपरा गाडीत घातला. आवाज असा झाला की कयाधू नदीतले बगळे उडाले ते थेट नांदेडला जाऊन बसले. माझ्या हातातला चहा बशीतून परत कपात गेला.

मी बाहेर धावलो तर हा ट्रॅक्टरवरून खालीसुद्धा उतरला नाही.

“डोळे गहाण ठेवले का रे?” मी म्हणालो. बऱ्याच वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

“तुझी गाडीच मधी उभी व्हती,” तो म्हणाला. “कुकर काय तिच्या पाया पडून जाईल?”

एरवी मी हे भांडण बांधाइतकंच लांबवलं असतं. पण आठ दिवसांवर पोरीचा साखरपुडा होता, कळमनुरीला, मुलाकडच्यांच्या दारात. ही गाडी मी घेतलीच होती त्यासाठी. आणि आता ते दार उघडत नव्हतं. गाडी त्यांच्या अंगणात थांबणार, सगळं गोत बघत उभं राहणार, आणि माझी पोरगी आईच्या मांडीवरून रांगत पलीकडच्या दारानं उतरणार. मुलाचा बाप तसाही नाक मुरडूनच बोलणारा माणूस. त्याच्या नाकाला आयुष्यभराची सोय झाली असती.

म्हणून कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईनं गोड हिंदीत विचारलं, गाडी चालू हालत में है क्या. चालू असली तर म्हणे नांदेडच्या गॅरेजला न्या, तिथं नंबर लागेल, पंधरा-वीस दिवस. पंधरा-वीस दिवस ऐकल्यावर माझी जीभ सुटली. म्हणालो, “मॅडम, गाडी अब गाडी नहीं रही.” दोन दारं निखळली म्हणालो, काचेचा चुरा, चाक वाकडं, इंजिन बाहेर येऊन जमिनीशी बोलतंय. बाईनं गाडीचा नंबर पुन्हा विचारला. मग म्हणाली, हलत नसेल तर सर्व्हेअर घरी येईल, तोवर फोटो पाठवा.

फोटो काढायला गेलो तर सगळी गल्ली गाडीपुढं उभी. आमच्याकडं मोबाइल वर धरला की माणसं कॅमेऱ्यासमोर येतात, ते काही कुणी शिकवलेलं नाही. बाजूला व्हा म्हणालो तर केस नीट करून आणखी जवळ सरकली. पाच फोटो पाठवले. पाचांत मिळून सत्तावीस माणसं, तीन शेळ्या आणि गाडीचं एक टप.

सर्व्हेअर मात्र येईना. आज येतो, उद्या येतो. तीन दिवस गेले. शेवटी मीच जीपनं हिंगोलीला निघालो. निघताना मायला सांगितलं, “उद्या दुपारी मी पाव्हना घेऊन येतो. गाडी बघायला येणार हाय. सगळं नीट ठेव, त्याला नाव ठेवायला जागा नको.”

हे माझेच शब्द. ते मी कुणावर ढकलू शकत नाही, ढकलून पाहिले तरी.

रात्री बहिणीकडं राहिलो आणि सकाळी सर्व्हेअरच्या दारात जाऊन बसलो. तो बाहेर आला. चेहरा असा, की समोर दूध ठेवलं तर नासावं. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून पुसेगावापर्यंत त्याला गाडीची दुर्दशा ऐकवली. निम्म्या वाटेत इंजिनबरोबर स्टिअरिंगही निखळलं होतं.

आणि आता हा अंगणात उभा राहून मोबाइलवरनं वाचत होता. “दोन दारं निखळली. कुठली? काच फुटली. कुठली? इंजिन बाहेर. हे बाहेर का?” त्यानं बोनेटवर बोटानं टकटक केलं.

“साहेब, दार चेपलेलं होतं. आईशप्पथ. फोटो बघा ना.”

“यात दार कुठंय?”

“त्या लाल लुगड्यातल्या मावशीच्या मागं.”

त्यानं फोटो मोठा केला. मावशी मोठी झाली.

“बरं, ठोकली कोणी?”

मी शेजाऱ्याच्या ओट्याकडं बोट दाखवलं. तो तंबाखू मळत बसला होता, लग्नातला बँड ऐकावा तसा. सर्व्हेअरनं त्याला विचारलं, “तुम्ही ठोकली का हो?”

“कुठं काय ठोकलंय?” तो म्हणाला. “तुमीच बघून राहिले ना. गाडी तर चांगली हाय.”

सर्व्हेअरनं सायीच्या दारावर नख मारलं, खाली पुट्टी लागली. “म्हणजे काही झालं असेल, तर तुम्ही आम्हाला न दाखवताच काम करून टाकलं. आणि फोनवर इंजिन काढलं बाहेर. तुमच्यासारख्या लोकांमुळं खऱ्या लोकांचे क्लेम अडकतात. खोटा क्लेम म्हणून लिहिणार मी. पुढच्या वर्षी पॉलिसी कोण देतं बघा.”

“साहेब, जेवून तर जा,” दारातून माय म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. मोटरसायकलला अशी किक मारली की ती गाडी नसून मीच आहे असं त्याला वाटलं असावं. धूळ बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो, मग शेजाऱ्याच्या ओट्यावर चढलो.

“माझ्या गाडीला हात लावायला तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या मायनं.” त्यानं तंबाखू ओठात सारली. “काल दारात येऊन उभी राहिली. म्हनली, मोडलंस तू, नीटबी तूच कर, उद्या पाव्हना यायचाय. मी न्हाई म्हनलो. तर ही म्हतारी जागची हलंना. माझी बायको चहा घेऊन आली तर चहाबी घेईना. शेवटी सेनगावहून डेंटर आनला. माझ्या पैशानं, वरून त्याला कोंबडी. पांढरा रंग संपला व्हता, म्हून सायीचा मारला. आता दे जा पोलिसात नाव. काय म्हून देतो? दार नीट केलं म्हून?”

“तू मुद्दाम केलंस. कागदावर नाव येऊ नये म्हणून.”

“आन् तू इंजिन बाहेर काढलंस ते काहून?”

 मग मी त्याच्या बापाचा आणि बांधाचा विषय काढला, त्यानं माझ्या आजोबांचा काढला, आणि तासाभरात आम्ही निजामाच्या काळापर्यंत पोचलो. तेवढ्या मागं जाऊनही दोघांपैकी कुणी जिंकलं नाही. त्याची बायको मधे येऊन म्हणाली, “आता बास. हळद करपून राहिली.”

घरी आलो तर माय चुलीपुढं बसली होती. पाटीत सर्व्हेअरसाठी केलेल्या भाकऱ्या तशाच.

“अख्खा क्लेम घालवलास माय,” मी म्हणालो. “कंपनीकडनं नवं दार मिळालं असतं. अस्सल. रंगाला रंग.”

“कधी?”

“मिळालं असतं. महिन्या-दोन महिन्यांत.”

तिनं भाकरी उलटी केली.

“चार दिवसांवर साखरपुडा आलाय,” मी म्हणालो. “त्या माणसाच्या दारात असली ठिगळ लावलेली गाडी घेऊन जाऊ? सांग ना, कळमनुरीला कशात जायचं आता?”

“ह्याच गाडीत,” ती म्हणाली. “दार उघडतंय ना.”