लढाईचा तक्ता आणि वेल्ह्याची बदली

कारकून निवृत्त झाला की त्याच्याजवळ मोडका चष्मा आणि किस्से उरतात. चष्मा कुणी मागत नाही. किस्से मात्र लोक चहा पाजून काढून घेतात. हे आमच्या भोरच्या कचेरीतले, संस्थानी अमलातले, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधीचे.

किकवीला एक पेन्शनर सुभेदार होते. त्यांच्या पलटणीतल्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परतताना त्यांना एक पेटी दिली. आत डोंगर-नद्या काढलेला, चौकटी आखलेला पट, लाकडी शिपाई, फासा आणि लढाईचा छापील तक्ता. वरच्या बाजूला फौजांचं प्रमाण: एकास एक, दोनास एक, तीनास एक. कडेला फाशाचं दान. दोन्ही जिथं मिळतील तिथं निकाल. खाली अपवादांच्या सव्वीस टिपा.

सुभेदार म्हणाले, "खरी लढाई म्या केली. ही काय मला झेपंना." पेटी आमच्याकडे आली.

हेडक्लार्क तात्यांनी तक्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं दुर्बोध त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं.

*

टीप अकरा सांगे, डोंगरावर शिपायाचं बळ 'परिस्थितीनुसार' धरावं. तात्यांनी पिकाची ठरवतात तशी शिपायांची आणेवारी ठरवली. वर बसलेला सोळा आणे, चढणारा आठ, भातखाचरात रुतलेला सहा.

पासलीकडचा एक धनगर कुरणाचा अर्ज घेऊन ओसरीवर बसला होता. दोन तास बघून म्हणाला, "तात्या, वर बसल्याला खालनं चढणारा हानतोय व्हय? ह्याला येवढा कागुद कशापायी?"

"तुझ्या मेंढरांना नियम नसतात बाबा," तात्या म्हणाले.

"हायती की. पर त्यास्नी ते ठावं हायती."

*

पुढं फासा हरवला. उंदरानं नेला, असा लेखी अहवाल झाला. मग आम्ही सहा कवड्या घेतल्या. जितक्या उताण्या तितकं दान. एकदा सहाही पालथ्या पडल्या. तक्त्यात शून्याची ओळच नव्हती!

माझा सोबती कारकून नाना, त्याचे बारा शिपाई त्या दानावर पणाला लागले होते. तात्यांनी निकाल दिला, "नोंदीला जागा नाही, त्याअर्थी लढाई झाली नाही." बाराही जण उठून पटावरच्या आदल्या दिवशीच्या घरांत गेले.

त्या दिवशी कचेरीत आलेले सुभेदार पट बघायला वाकले. मग म्हणाले, "आमच्या टायमाला असा कारकून असता, तर लई पोरं वाचली असती."

*

आता वेल्ह्याचं. तिथल्या कचेरीला एक कारकून हवा होता. आमच्या कचेरीच्या साहेबांनी माझं आणि नानाचं नाव काढलं आणि आपसात ठरवा म्हणाले. माझ्या लग्नाला दीड महिना झालेला, नानाची आई अंथरुणाला खिळलेली. पावसाळ्याच्या तोंडाला वेल्ह्यास गेलेला माणूस दिवाळीशिवाय परतत नसे. शेवटी पट मांडला. हरेल तो जाईल.

चौथ्या दिवशी मी नानाला नदीकाठी गाठलं. तीनास एक, दान पाच. निकाल: बचाव करणारा मागे हटेल. पण नानाच्या मागे नदी. हटायचं कुठं? टीप सतरा म्हणे टीप नऊ पाहावी. टीप नऊ म्हणे टीप सतरा पाहावी. तात्यांनी प्रकरण विचारार्थ घेतलं.

आठवड्यानं साहेब स्वतः आले आणि वेल्ह्याला कोण गेलं म्हणून विचारलं. तात्यांनी तक्ता पुढं केला. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचला, मग पगडी काढून बाजूला ठेवली आणि बसले. दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

इकडे वेल्ह्याहून पत्रामागून पत्र. तिसऱ्याला साहेबांच्या सहीनं उत्तर गेलं: 'कोणास पाठवावे याचा निर्णय प्रलंबित. प्रकरणाची हकीगत, तक्ता व टिपा यांची नक्कल माहितीस्तव सोबत.'

पंधरा दिवस वेल्हं गप्प. घरी बायकोनं माझी वळकटी बांधून दाराशी ठेवलेली, रोज ती ओलांडून मी कचेरीत जायचो. मग टपाल आलं. तात्यांनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं:

'तक्ता पोचला. कारकुनाची आता निकड नाही. मात्र होडी मिळाल्यास नदीतून मागे हटता येते काय, याचा खुलासा सत्वर व्हावा. येथे कामकाज खोळंबले आहे.'