सारसांचा पत्ता

भोपाळला निघाले त्या दिवशी आईने हातात कोकमांची पिशवी दिली आणि एकच गोष्ट बजावली, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. परक्या मुलुखात जरा जपून बोल." दादा ट्रंक घेऊन चिपळूणच्या स्टँडपर्यंत आला होता. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली होती, राहायला बरखेड्यात क्वार्टर. दोन-तीन वर्षं काढू आणि परत येऊ, असा माझा बेत होता. त्याला आता चौतीस वर्षं झाली.

लग्न इथेच झालं, उज्जैनच्या मराठी माणसाशी. कोथिंबिरीला मी धनिया म्हणायला लागले, त्याचा दादाला अजून राग येतो. पण 'घरी' म्हणजे चिपळूणला, हे ठरलेलं होतं. एकही गणपती चुकवला नाही. रजेचा अर्ज दिसला की साहेब हसायचे, "फिर घर?" आणि तिकडे पोहोचले की चौथ्या दिवशी मला इथली काळजी लागायची. टाकीत पाणी आलं असेल का, कुंड्या सुकल्या असतील का.

गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि कॅमेरा घेतला. सुरुवातीचे माझे फोटो बघण्यासारखे आहेत: फांदी अगदी स्वच्छ, पक्षी नुकताच उडालेला. तरी पहाटे उठून तलावापलीकडच्या गावांत जायची गोडी लागली. तिथेच हरिराम भैया भेटले. त्यांच्या धानाच्या शेतात दरवर्षी सारसांची जोडी घरटं करते. माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच पक्षी, पण अंडी घालतात चिखलात रचलेल्या गवताच्या ढिगावर. भैया त्या कोपऱ्यात निंदणीही करत नाहीत. यंदा श्रावणात त्यांनी मला बांधावरून दोन अंडी दाखवली.

घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, हा आम्हा फोटो काढणाऱ्यांचा पहिला नियम. मला तो पाठ होता. पण फोटो असा उतरला की ग्रुपवर टाकल्याशिवाय राहवेना. दिवसभर कौतुक झालं. मग एकाने वेगळा मेसेज करून विचारलं, "कहाँ मिला, मैडम?" इतके दिवस मी लोकांना विचारत होते, आता कुणीतरी मला विचारत होतं. सांगून टाकलं. गावाचं नाव, वर पंपघराची खूणसुद्धा.

रविवारी नऊ गाड्या आल्या. कुणीतरी जवळून फोटो हवा म्हणून धानात उतरलं. जोडी ओरडत उडाली आणि ती परत येईपर्यंत कावळ्यांनी एक अंडं फोडलं होतं. मी पोहोचले तेव्हा हरिराम भैया तुडवलेली रोपं सरळ करत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दीदी, हमने तो आपको घर का समझ के दिखाया था."

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा कपाटात ठेवला आणि रोज उजाडताच जाऊन बांधावर बसायला लागले. हे स्कूटरवरून सोडायचे. गाडी थांबली की मी उठून जायचे आणि हात जोडून परत पाठवायचे. आलेल्यांपैकी दोघांशी चांगलं वाजलंही. पहिला आठवडा भैया 'राम राम'पलीकडे बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात भाभींनी चहा पाठवला, तेव्हा मला रडू आलं.

गणपती जवळ आले. दादाचा फोन आला, "कधी निघतेस?"

"यंदा नाही जमायचं रे. एक अंडं राहिलंय."

"अंड्यासाठी गणपती सोडतेस?"

मी त्याला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. तो म्हणाला, "बरं. सांभाळ त्याला." चौतीस वर्षं मी भोपाळकडे रजा मागून चिपळूणला जात होते. या खेपेला पहिल्यांदाच चिपळूणकडे रजा मागितली.

चतुर्थीच्या सकाळी मी बांधावर होते. भैया धावत आले, बोट केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दीदी, निकल आया." मादीच्या पंखाखालून तांबूस रंगाचं एवढंसं डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. आम्ही दोघं तसेच चिखलात उभे राहिलो.

तिकडे आता आरती चालली असेल, हे मनात आलं. पण इतकी वर्षं एका ठिकाणी असताना दुसरीकडे नसल्याची जी रुखरुख असायची, ती त्या सकाळी शोधूनही सापडली नाही.