प्रल्हाद भारंबेची वाघीण

दुपारचं जेवण जड झालंय. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या बाजेवर लोटू फिरके जरा कलंडतो. समोर त्याची नात मंजिरी स्वतः लावलेल्या बागेतली पहिलीवहिली केळी दिल्लीच्या गाडीत भरून घेतेय. पोरीचं सगळं वर्ष त्या हिरव्या घडांत आहे. हमालांचा गलका लांब लांब जातो, आणि लोटूच्या उशाशी प्रल्हाद भारंबे बसलेला असतो. मरून एकोणीस वर्षं झाली, तरी गडी बिडी ओढतोच आहे.

"वळखलं का, मुकादम?"

मुकादमकी मुळात प्रल्हादची. केळीची खास मालगाडी वाटेत कुठे न रेंगाळता दिल्ली गाठायची, त्या काळी त्यानं भरलेली वाघीण, म्हणजे मालडबा, हिरवीगार पोचायची. दार लावण्याआधी तो आत डोकं घालून वास घ्यायचा, कारण एक पिकला घड राहिला तरी सगळी वाघीण पिकते. एकदा त्यानं वास घेतला, पाठ फिरवली, आणि लोटूनं पाल्याखाली पिकला घड सारला. दिल्लीत दार उघडलं तर पिवळा चिखल. प्रल्हादचं काम गेलं, ते लोटूला मिळालं. 'पिवळा मुकादम' हे नाव मात्र प्रल्हादला मरेपर्यंत चिकटलं.

"उंदरायनं केलं असंल," लोटू म्हणतो. मेला स्वप्नातही खोटंच बोलतो.

बाज आता वाघिणीत आहे. वाघीण प्रल्हादच्या घराच्या ओट्याला लागलीय, आणि ओट्यावर दिल्लीचे अडते नाकाला रुमाल लावून उभे आहेत. लोटूचा धीर सुटतो.

"म्याच केलं, दादा. माफ कर."

"मले कायले सांगतो? मले तव्हाच माहीत व्हतं. लोकायले सांग."

"या वयात? नातीसमोर?"

"मंग नको सांगू." प्रल्हाद पानात गुंडाळलेला घड त्याच्या खांद्यावर ठेवतो. "चाल, ठेव आत. तुहा हात बसलेला आहे."

पानातून गोड वास येतोय. लोटूला चालायचं नाही, पण पाय चालतात.

तो दचकून उठतो. मंजिरी हसत समोर उभी आहे.

"चला आबा, नारळ फोडा. डब्याला सील लागलं."

"वास घेतला व्हता का?"

"घेतला की. मग तुम्हीच झोपेत चालल्यासारखे आलात, पानातला एक घड आत ठेवलात न् परत येऊन आडवे झालात. आबांचा मान म्हणून कोणी अडवलं नाही. कसला घड होता तो?"

लोटू खांद्याकडे पाहतो. पांढऱ्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचा ओला डाग पडलाय. इंजिन शिटी देतं. अजून गाडी थांबवता येईल, पण मग सगळंच सांगावं लागेल.

"हिरवाच व्हता," लोटू म्हणतो, आणि नारळ हातात घेतो.